घाम वाळत नाही तेव्हा

रत्नागिरीहून आरे-वारेमार्गे गणपतीपुळ्याला सायकलने जाणारे हौशी हल्ली वाढलेत. मला बरे वाटते. माझ्याकडे चक्करेची तक्रार येते ती मात्र किनाऱ्याची नव्हे, बावनदीच्या खोऱ्यातून निवळीचा घाट चढतानाची. असे का? अंग थंड होते ते घाम वाळल्याने. दमट हवेत तो सावकाश वाळतो. किनाऱ्यावर निदान वारा असतो. खोऱ्यात वारा पडतो, चढावर वेग मंदावतो, घाम नुसता निथळतो. तेव्हा उन्हे चढण्याआधी घाट उरका. १ लिटर पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ घालून घोटघोट प्या. (रक्तदाबवाल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.) सोबती असंबद्ध बोलू लागला, तर उष्माघात समजा. सावलीत निजवा, अंगावर पाणी ओता, वारा घाला, ताबडतोब रुग्णालय गाठा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.