विश्लेषण : करोनाकाळात दम्याचा इन्हेलर बंद करावा का?

करोनाच्या दुसऱ्या लाटेत स्टेरॉइडचा अतिवापर आणि त्यापाठोपाठ म्युकरमायकोसिसची चर्चा सुरू झाली. दम्याच्या इन्हेलरमध्येही स्टेरॉइड असते. मग तो बंद करावा का? ‘ग्लोबल इनिशिएटिव्ह फॉर अस्थमा’ अर्थात ‘जिना’ या जागतिक संस्थेचा सल्ला स्पष्ट आहे : नियमित इन्हेलर सुरूच ठेवा.

गोळी आणि इन्हेलर यांत फरक काय?

मात्रेचा. दम्याच्या तीव्र झटक्यात प्रेडनिसोलोनच्या गोळ्या दिवसाला ४० मिलिग्रॅमपर्यंत दिल्या जातात. ब्युडेसोनाइड इन्हेलरच्या एका फवाऱ्यात साधारण १०० ते २०० मायक्रोग्रॅम औषध असते. १ मिलिग्रॅम म्हणजे १००० मायक्रोग्रॅम. शिवाय ते थेट श्वासनलिकेत पोहोचते, रक्तात फार थोडे उतरते. फवाऱ्यानंतर चूळ भरली की तोंडात बुरशीसंसर्गाचा धोकाही कमी होतो.

बंद केल्यास काय होते?

श्वासनलिकांची सूज हळूहळू वाढते. सुरुवातीला काही जाणवत नाही, म्हणून ‘औषधाविना चालते’ असे वाटते. मग सर्दी, धूळ किंवा विषाणूचे निमित्त होऊन झटका येतो आणि जे टाळायचे, त्या स्टेरॉइडच्या गोळ्याच घ्याव्या लागतात. दमा आटोक्यात असलेल्यांना करोना गंभीर होण्याचा धोका इतरांपेक्षा फारसा जास्त आढळलेला नाही. नुकत्याच अशा गोळ्या घ्याव्या लागलेल्यांना तो अधिक असतो.

दमा की करोना, कसे ओळखावे?

छातीत घरघर, रात्री किंवा पहाटे वाढणारा खोकला आणि तातडीच्या इन्हेलरने मिळणारा आराम ही दम्याची लक्षणे. ताप, अंगदुखी, वास किंवा चव जाणे हे करोनाकडे बोट दाखवते. दोन्ही एकत्रही असू शकतात, म्हणून शंका आल्यास चाचणी करावी.

घरी काय काळजी घ्यावी?

नेब्युलायझरच्या वाफाऱ्यातून विषाणू हवेत पसरू शकतो. शक्यतो इन्हेलरला स्पेसर जोडून वापरावा. नेब्युलायझर अपरिहार्य असल्यास वेगळ्या खोलीत, खिडकी उघडून घ्यावा. इन्हेलर किंवा स्पेसर दुसऱ्याला देऊ नये. महिनाभराचे औषध घरात असावे.

डॉक्टरांकडे कधी धावावे?

तातडीच्या इन्हेलरने आराम पडत नसेल, एक वाक्य सलग बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा ऑक्सिजन ९४ च्या खाली गेला असेल, तर वाट पाहू नये.