पत्ता : वरचं टायबर खोरं

बोरिवलीहून सुटलेली महाडची एसटी माणगावला थांबली, की वडील खिडकीतून बोट दाखवायचे. "इथून आत पळसगाव आमडोशी. तिथला यशवंत घाडगे इटलीत लढून मेला." दर गणपतीला तेच वाक्य, त्याच वळणावर. इटली म्हणजे कुठे, असं एकदा विचारलं, तर म्हणाले, "लांब. बोटीनं जावं लागतं." आम्ही गोराईत राहणारी पोरं. आमची बोट म्हणजे जेट्टीवरून खाडी ओलांडून गोराई गावात नेणारी. तिकडे उतरून थोडं चाललं की गावठाणाच्या गल्ल्या आणि वळणावळणावरचे क्रूस. कित्येक वर्षं माझ्या डोक्यातली इटली तशीच होती. खाडीपलीकडची, क्रूस असलेली, आणि तिथे कुठेतरी आपला एक माणूस पडलेला.

पुढे वाचता यायला लागलं तेव्हा घाडग्यांचा शोध सुरू झाला आणि आजतागायत थांबलेला नाही. या वर्षी मे महिन्यात आमच्या सोसायटीतले आणि ओळखीतले मिळून आठ जण इटलीतल्या उंब्रियाला जाऊन आलो, त्याचं मूळ त्या एसटीच्या खिडकीत आहे.

आपल्याकडच्या इटली सहलींचा रस्ता वाचकांना पाठ आहे. रोम, फ्लॉरेन्स, पिसा, व्हेनिस. मीना प्रभूंचं 'रोमराज्य' वाचून गेलेले थोडे जास्त रेंगाळतात, एवढंच. रोम ते फ्लॉरेन्स महामार्गावर उजव्या हाताला एकामागून एक डोंगर येतात आणि प्रत्येकाच्या माथ्यावर दगडी गाव बसलेलं दिसतं. मोठी बस तिथे वळत नाही, कारण तिला वळताच येत नाही. या गावांच्या जुन्या भागात बाहेरच्या वाहनांना बंदी असते. बस पायथ्याशी लावायची आणि चढायचं. पंचेचाळीस माणसांना असं चढवून उतरवण्यात अर्धा दिवस जातो, तेवढा वेळ कुठली कंपनी देईल? म्हणून लहान गट हवा. तिथे चालकासकट नऊ आसनांची गाडी साध्या परवान्यावर चालवता येते. आमचे आठ आणि नववी तिथलीच वाटाड्या मुलगी, तीच चालकही. तिला पहिल्याच दिवशी सांगितलं, असिसी, गुब्बियो तू ठरव, पण एक दिवस टायबर खोऱ्यातल्या मोंतोने गावासाठी राखून ठेव. तिला वाटलं आम्हाला तिथला चित्रपट महोत्सव माहीत असेल. घाडगे हे नाव तिने ऐकलं नव्हतं.

असिसी सुंदर आहे, गुब्बियोही. त्यांच्याबद्दल भरपूर लिहिलं गेलंय, मी त्यात भर घालत नाही.

माझ्याकडे एका कागदाची प्रत आहे. २ नोव्हेंबर १९४४ च्या लंडन गॅझेटमधलं घाडग्यांच्या व्हिक्टोरिया क्रॉसचं मानपत्र. मजकूर जेमतेम पानभर. मी त्याचं मराठी अनेकदा करून पाहिलं आहे आणि दर वेळी त्याच जागी अडलो आहे. घटना अशी. १० जुलै १९४४. पाचव्या मराठा लाईट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीतली एक कंपनी शत्रूच्या पक्क्या मोर्चावर चालून गेली. नाईक यशवंत घाडगे यांच्या हाताखाली रायफलवाल्यांचं एक सेक्शन होतं, म्हणजे मोजकीच माणसं. अगदी जवळून मशीनगन सुरू झाली आणि घाडगे सोडून सेक्शनमधला प्रत्येक जण ठार किंवा जखमी झाला. मागे फिरायला हरकत नव्हती. एकटा माणूस म्हणजे सेक्शन नव्हे. घाडगे थेट मशीनगनकडे धावले. आधी हातबॉम्ब टाकला, त्यात गन आणि ती चालवणारा दोन्ही संपले. मग टॉमी गनने त्या टोळीतल्या आणखी एकाला मारलं. दोघे उरले आणि मॅगझिन रिकामं झालं. दुसरं चढवायला वेळ नव्हता. त्यांनी बंदूक नळीकडून धरली आणि दस्त्याने त्या दोघांना मारलं. त्याच क्षणी लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या लागल्या. एकट्याने जिंकलेल्या त्या मोर्चातच त्यांनी प्राण सोडला. वय २२.

मी अडतो तो नळीवर. नुकतीच झाडलेली टॉमी गन, पोलादाची नळी, जुलैचं ऊन. ती तापलेली नळी हातात धरली, हे मानपत्र एका अर्ध्या वाक्यात उरकतं. इंग्रजीत ती फक्त कृती आहे. मराठीत लिहायला घेतलं की मला हात दिसतो, नांगराच्या रुमण्यावर घट्टे पडलेला.

दुसरी अडचण पत्त्याची. मानपत्रात स्थळ म्हणून एवढंच आहे : वरचं टायबर खोरं. गाव नाही, वाडी नाही, टेकडीचं नाव नाही. उंबेर्तिदेपासून सान्सेपोल्क्रोपर्यंत हे खोरं सुमारे चाळीस किलोमीटर पसरलं आहे. दोन्ही अंगांना डोंगर, मध्ये सपाटी, सपाटीत तंबाखू. आणि घाडग्यांना थडगंही नाही. ज्यांचा देह सापडला नाही वा ज्यांची जागा कळली नाही, अशांच्या नावांसाठी कासिनोला स्मारक आहे. तिथल्या हजारो नावांत त्यांचं एक. पळसगावच्या माणसाला मृत्यूचा पत्ता म्हणून एक अख्खं खोरं मिळालं, याचं मला फार वाईट वाटत आलं आहे.

त्यांची पलटण मात्र साधी नव्हती. १९४१ च्या मार्चमध्ये इरिट्रियातल्या केरेनच्या कड्यांवर याच तिसऱ्या पलटणीने रात्रीचा हल्ला चढवून 'पिनॅकल' नावाचा सुळका घेतला. तेव्हा तिचे प्रमुख होते डेनिस रीड. पुढे आफ्रिकेतल्या लढाईत हे रीड पकडले गेले, इटलीत युद्धकैदी झाले, तिथून निसटले आणि १९४४ मध्ये त्याच इटलीत दहाव्या भारतीय डिव्हिजनचे सेनापती म्हणून परतले. वरच्या टायबर खोऱ्यात जी डिव्हिजन डोंगरामागून डोंगर घेत चालली होती ती हीच, आणि तिच्यात त्यांची जुनी पलटण होती. स्वातंत्र्यानंतर ही पलटण पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेली. १९७१ च्या डिसेंबरात टांगाईलला आकाशातून उतरली ती दोन पॅरा म्हणजे घाडग्यांचीच पलटण. टांगाईल आपल्याला माहीत असतं, मोंतोने नसतं.

ही लढाई समजायला सह्याद्री पाहिलेला मराठी वाचक पुरेसा आहे. गाव माथ्यावर का? तळात हिवताप आणि वाटेवर लुटारू, म्हणून. तटबंदी, एक-दोन दरवाजे, आत पाण्याची सोय, वर मनोरा. १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याला हे सगळं तयार मिळालं. चर्चच्या घंटाघरातून दुर्बीण लावली की सगळं खोरं तळहातावर. पूल उडवायचे, वाटांवर सुरुंग पेरायचे, एक गाव चार दिवस धरायचं आणि पुढच्या डोंगरावर सरकायचं. जिथे गाड्या जाईनात तिथे खेचरांवरून शिधा आणि दारूगोळा जायचा. कोकणातली, साताऱ्याची, नगरची पोरं या चढांवर चांगली चालली, यात मला नवल वाटत नाही. चौथी, आठवी आणि दहावी अशा तीन भारतीय डिव्हिजनांतून पन्नास हजारांवर सैनिक इटलीत होते. ५,७८२ परतले नाहीत. इटलीच्या मोहिमेत दिल्या गेलेल्या २० व्हिक्टोरिया क्रॉसपैकी ६ भारतीय सैन्यातल्यांना मिळाले, त्यातले २ मराठ्यांना. दुसरे नामदेव जाधव, नगर जिल्ह्यातले. ९ एप्रिल १९४५ ला सेनियो नदीकाठी त्यांनी दोन जखमींना पाण्यातून, सुरुंगांच्या पट्ट्यातून एकेक करून पाठीवर आणलं, मग पुन्हा जाऊन तीन मशीनगन बंद पाडल्या आणि बांधावर उघड्यावर उभं राहून शिवाजी महाराजांचा जयजयकार करत मागच्यांना बोलावलं. ते वाचले आणि १९८४ पर्यंत जगले.

आता ज्या गोष्टीने मला सगळ्यात जास्त हलवलं ती. फ्लॉरेन्सला गेलेला प्रत्येक मराठी प्रवासी उफीझी संग्रहालयात बोत्तिचेल्लीच्या 'प्रिमावेरा'समोर उभा राहतो. सव्वातीन मीटरला थोडं कमी रुंद, दोन मीटर उंच, फुलांच्या बागेत उभ्या बायका. युद्धात बॉम्बच्या भीतीने उफीझीतली चित्रं शहराबाहेरच्या वाड्यांत हलवली होती. त्यातला एक वाडा मोंतेगुफोनीचा, शहराच्या नैर्ऋत्येला टेकड्यांत, सिटवेल या इंग्रज लेखक घराण्याच्या मालकीचा. जुलै १९४४ च्या शेवटी आठवी भारतीय डिव्हिजन फ्लॉरेन्सच्या दिशेने सरकत होती आणि हा वाडा मराठा लाईट इन्फन्ट्रीच्या हातात आला. तोफा अजून जवळच वाजत होत्या. डिव्हिजनवर लिहायला आलेले स्कॉटिश लेखक एरिक लिंकलेटर आणि बीबीसीचे विनफर्ड वॉन-टॉमस या मराठा शिपायांना भेटायला वाड्यावर गेले, दारं उघडली, तर भिंतींना चित्रं टेकवून ठेवलेली. उच्चेल्लोची 'सान रोमानोची लढाई', जोत्तोची मादोन्ना, आणि 'प्रिमावेरा'. तळघरात आसपासचे गावकरी जीव मुठीत धरून राहिलेले. उफीझीचे ग्रंथपाल चेझारे फासोला लढाईच्या रेषा ओलांडून पायी तिथे पोचले होते, चित्रांपाशी राहण्यासाठी. मग वाड्यावर पहारा बसला.

गोष्ट सांगणारे दोघेही साहेब, त्यामुळे कौतुक त्यांच्या डोळ्यांनी पोचतं. मी मात्र त्या गोष्टीतल्या पहारेकऱ्यापाशी थांबतो. उच्चेल्लोच्या चित्रात घोडे उधळलेत, भाले मोडून जमिनीवर पडलेत, एक स्वार उताणा. १४३२ ची लढाई आहे ती. पलीकडच्या टेकडीवर तोफ सुरू असताना या चित्राच्या दाराशी मराठी शिपाई रायफल घेऊन उभा. या सहलीत आम्ही उफीझीतही गेलो, तिथे त्या चित्रापाशी आमच्या वाटाड्या मुलीला मी हे सांगितलं. ती इटलीतलीच, कलेचा इतिहास शिकलेली. म्हणाली, हे मला कुणीच शिकवलं नाही. आम्हालाही नाही, मी म्हटलं.

सान्सेपोल्क्रोला एक रस्ता अँथनी क्लार्क या ब्रिटिश तोफखाना अधिकाऱ्याच्या नावाचा आहे. १९४४ च्या त्याच उन्हाळ्यात त्याने गावावरचा मारा थांबवला, कारण तिथल्या पिएरो देल्ला फ्रांचेस्काच्या 'पुनरुत्थान' या चित्राबद्दल त्याने कधीतरी वाचलं होतं. त्याला तो रस्ता मिळाला हे योग्यच आहे. त्याच खोऱ्यात पायी लढलेल्या पलटणीचं नाव कुठल्या पाटीवर येईल याची वाट मात्र जवळजवळ ऐंशी वर्षं पाहावी लागली.

यात दोष एकट्या इटलीचा नाही. १९४२ च्या चळवळीनंतर आपली मनं ज्या बाजूला होती, तिथे इंग्रजांच्या फौजेतल्या नाईकाला जागा नव्हती. इंग्रज गेले, त्यांच्या लेखी तो जुन्या साम्राज्याचा. पुतळ्यांवरून वाद घालणाऱ्या आपल्या समाजात या माणसांची साधी यादी शाळेच्या पुस्तकात नाही. त्यांनी कोणासाठी लढावं यावर आज चर्चा करायला हरकत नाही, पण आधी त्यांची नावं तरी घ्यावीत.

मोंतोनेला आम्ही सकाळी पोचलो. उंबेर्तिदेकडून रस्ता चढतो, गाडी तटाखाली ठेवायची, मग दगडी पायऱ्या. वस्ती दीड हजारांच्या आसपास. गाव ब्राच्यो फोर्तेब्राच्यो या भाडोत्री सेनानायकाचं. १४२४ मध्ये लाक्विलाच्या लढाईत तो पडला. सान फ्रांचेस्कोच्या जुन्या चर्चमध्ये बार्तोलोमेओ कापोराली याने १४८२ मध्ये रंगवलेली मादोन्ना आहे. प्लेगचे बाण वरून येताहेत आणि तिने गावकऱ्यांना आपल्या पदराखाली घेतलंय. आमच्यातल्या एक काकू, माहेर माणगाव तालुक्यातलं, त्या चित्रापाशी बराच वेळ उभ्या होत्या. "ही तर गावदेवी," एवढंच म्हणाल्या.

दुपारी खानावळीत 'तोर्ता आल तेस्तो' मिळाली. तव्यावर भाजलेली जाड पोळी, मध्ये भाजी घालून. काकूंनी तवा पाहायला मागितला. बाईने आत नेऊन दाखवला. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता, पण पीठ किती घट्ट मळायचं हे हातांनी ठरलं.

पण त्याआधी स्मारक. जुलै २०२३ मध्ये मोंतोनेच्या नगरपालिकेने आणि इटलीतल्या लष्करी इतिहासाच्या अभ्यासकांनी ते उभारलं. व्हिक्टोरिया क्रॉस यशवंत घाडगे यांच्या नावाची सूर्यघटिका. सगळे एकाच सूर्याखाली, अशा अर्थाचं लॅटिन ब्रीद तिला आहे. पुतळा नको, तोफ नको, सावली मोजणारी घटिका हवी, हे ज्याला सुचलं त्याचे मला हात धरायचे आहेत. पत्ता नसलेल्या माणसाला त्या गावाने स्वतःचा पत्ता दिला.

मी वाटाड्या मुलीला विचारलं, लढाई नेमकी कुठली टेकडी? तिने खोऱ्याकडे हात केला आणि तो हात एका डोंगरावरून दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर जात राहिला. खाली तेवेरे नदी, म्हणजे आपण म्हणतो ती टायबर, झाडांच्या रेघेतून कळत होती.

काकू पिशवीतून काही काढतील असं मला वाटलं होतं. त्यांनी काही काढलं नाही. चपला काढून त्या घटिकेपाशी उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "वाच रे तो कागद." मी माझं अपुरं मराठी मानपत्र वाचलं, नळीपाशी अडखळत. वाचून होईपर्यंत आठांपैकी कुणी हललं नाही.

माझ्या मनगटावर साडेबारा झाले होते. सूर्यघटिका घड्याळाचं ऐकत नाही, ती त्या जागेचा सूर्य सांगते. मे महिन्यात मोंतोनेला ती घड्याळाच्या तासाभराहून थोडी जास्तच मागे असते. त्या हिशेबाने तिथे सव्वाअकरा उलटले होते. माणगाव मोंतोनेच्या पूर्वेला एकसष्ट अंश, म्हणजे सूर्याच्या चालीने चार तास पुढे. पळसगावात ऊन कलायला लागलं असणार.