दख्खनचा कातळ आणि फ्रेंचचा तास

पुण्याच्या फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेंचचे वर्ग भरतात आणि त्याच रस्त्यावर फर्ग्युसन महाविद्यालयात भूविज्ञान शिकवले जाते. मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये तर हे दोन्ही विषय एकाच आवारात आहेत. तरीही फ्रेंचच्या विद्यार्थ्याच्या हाती कधी बेसॉल्टचा तुकडा येत नाही आणि भूविज्ञानाच्या विद्यार्थ्याने ब्युफाँ या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाचे एक पानही वाचलेले नसते. अकरावी-बारावीला फ्रेंच घेतात ते गुण चांगले पडतात म्हणून. भूविज्ञान घेतात ते खाणी, तेल आणि भूजल यांतल्या नोकऱ्या समोर ठेवून. ही कारणे रास्तच आहेत. पण या दोन विषयांचे जुने, घट्ट नाते आपल्या अभ्यासक्रमांत कुठे दिसत नाही, याची हळहळ वाटते.

ब्युफाँपासूनच सुरुवात करू. 1753 साली फ्रेंच अकादमीत प्रवेश करताना त्याने लेखनशैलीवर केलेले भाषण फ्रान्समध्ये पिढ्यान्‌पिढ्या अभ्यासले गेले. हाच माणूस बर्गंडीतल्या आपल्या भट्टीवर लोखंडाचे गोळे तापवत असे. अर्ध्या इंचापासून पाच इंचांपर्यंत, चढत्या मापाचे दहा गोळे. ते पांढरेशुभ्र होईस्तोवर तापवायचे, बाहेर काढायचे आणि हातात धरता येण्याइतके निवायला किती वेळ लागतो ते टिपायचे. या मापांवरून त्याने पृथ्वीएवढ्या गोळ्याचा हिशोब मांडला आणि पृथ्वीचे वय सुमारे 75,000 वर्षे काढले. बायबलच्या आधारे सहा हजार वर्षे धरून चालणाऱ्या समाजात हे छापणे सोपे नव्हते. 1751 मध्येच सोर्बोनच्या धर्मपंडितांनी त्याच्याकडून खुलासा लिहून घेतला होता. त्याच्या हस्तलिखितांत मात्र तीस लाख वर्षांचा आकडाही सापडतो.

1778 च्या ‘लेझेपोक द ला नात्यूर’ या ग्रंथातले गणित आज टिकत नाही. गद्य मात्र टिकून आहे. ज्या काळाला एकही साक्षीदार नाही, त्या काळातून वाचकाचे बोट धरून नेणारे हे लेखन साहित्याच्या वर्गात जितके वाचायला हवे, तितकेच भूविज्ञानाच्याही. पुढे क्यूविएने पॅरिसच्या परिसरातल्या हाडांच्या तुकड्यांवरून नामशेष प्राणी उभे केले, तेव्हा बाल्झाकने 1831 च्या कादंबरीत त्याला शतकातला सर्वांत मोठा कवी ठरवले. ज्यूल व्हेर्नची पृथ्वीच्या पोटातली सफर आली ती 1864 मध्ये, याच परंपरेतून.

या नात्याचा एक धागा थेट महाराष्ट्रात येतो. व्हिक्तॉर जाकमाँ हा स्तांदाल आणि मेरिमे या लेखकांचा मित्र. पॅरिसच्या निसर्गविज्ञान संग्रहालयाने त्याला वनस्पती, प्राणी आणि खडक गोळा करायला भारतात पाठवले. 1829 मध्ये तो कलकत्त्याला उतरला, हिमालयात हिंडला, लाहोरला रणजितसिंहांना भेटला आणि 1832 मध्ये वेरूळवरून पुण्याला आला. तिथून मुंबईकडे जाताना साष्टीत तापाने गाठले. 7 डिसेंबर 1832 रोजी, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी, तो मुंबईत वारला. पुढच्याच वर्षी पॅरिसला त्याची पत्रे प्रसिद्ध झाली आणि फ्रेंच पत्रसाहित्यात त्यांना मानाचे स्थान मिळाले. आपल्या मुलखातून लिहिलेली ही पत्रे आपल्याच फ्रेंचच्या वर्गांत आवर्जून नेमायला हवीत, असे माझे ठाम मत आहे.

दुसरा धागा अलीकडचा आहे. पॅरिसचे भूभौतिकीतज्ज्ञ व्हँसाँ कूर्तियो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दख्खनच्या कातळातले नमुने तपासले. लाव्हा निवताना त्यातली लोहखनिजे त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवतात. सह्याद्रीतल्या जाड थरांपैकी बहुतेकांत ही दिशा आजच्या उलट निघाली. म्हणजे एवढा प्रचंड लाव्हा एकाच उलट्या कालखंडात, भूशास्त्राच्या हिशोबाने फार थोडक्या काळात ओतला गेला असला पाहिजे. 1986 च्या निबंधात त्यांनी त्याची सांगड सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी डायनोसॉर ज्यात संपले त्या विनाशाशी घातली. अशनीचा आघात की ज्वालामुखी, हा वाद अजून मिटलेला नाही. ब्युफाँने निवत्या लोखंडाला काळ विचारला, यांनी निवत्या लाव्हाला. दोन शतकांच्या अंतराने प्रश्न विचारण्याची रीत किती जवळची! हा निबंध इंग्रजीत आहे. आजचे बहुतेक संशोधन त्याच भाषेत निघते. पण सामान्य वाचकासाठी कूर्तियो यांनी 1995 मध्ये ‘ला व्ही आँ कातास्त्रोफ’ लिहिले ते फ्रेंचमध्येच.

नव्या शैक्षणिक धोरणात मुख्य विषयाला दुसऱ्या शाखेतल्या विषयाची जोड देता येते. मग एका सत्राचा एक पेपर दोन्ही विभागांनी मिळून का घेऊ नये? ब्युफाँची निवडक पाने, जाकमाँची शेवटच्या वर्षातली पत्रे, कूर्तियो यांचे एखादे प्रकरण आणि महाबळेश्वरच्या घाटात दोन दिवसांची क्षेत्रभेट, एवढे पुरे आहे. घाट उतरताना रस्त्यासाठी फोडलेल्या कड्यात काळ्या थरांमधला तांबडा पट्टा दिसतो. दोन उद्रेकांमध्ये किती काळ गेला, याचा विचार सुरू होतो तो तिथे. त्या पट्ट्याचे वर्णन भाषेच्या विद्यार्थ्याने फ्रेंचमध्ये लिहावे आणि भूविज्ञानाच्या विद्यार्थ्याने ते तपासावे. नवी इमारत नको, मोठे अनुदान नको. दोन विभागप्रमुखांनी एकत्र बसावे लागेल. येत्या जूनमध्ये वेळापत्रक आखताना एखाद्या महाविद्यालयाने तरी हे मनावर घ्यावे, ही विनंती.