विश्लेषण : हवाई दल की फ्लाइंग क्लब? एअरलाइन्स वैमानिक निवडताना काय पाहतात?

बारावी विज्ञानचा निकाल लागला की पारशिवनीसारख्या तालुक्याच्या गावातही एखाद्या घरात 'पायलट व्हायचंय' हे वाक्य आता ऐकू येते. नागपूर विमानतळ इथून तास-दीड तासाच्या अंतरावर. नागपुरातच हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय आणि जवळच कामठीची छावणी. त्यामुळे फौज या भागाला परकी नाही. लगेच पुढचा प्रश्न येतो. एनडीएची परीक्षा देऊन हवाई दलात जायचे आणि मग एअरलाइनमध्ये, की कर्ज काढून थेट फ्लाइंग क्लब गाठायचा? एअरलाइन्स कुणाला आधी घेतात? फौजी वैमानिक जास्त सुरक्षित असतो का? यातल्या बऱ्याच समजुती अर्धवट आहेत. चुकीच्या समजुतीवर घेतलेला निर्णय एखाद्या कुटुंबाला अर्ध्या कोटीच्या घरात पडू शकतो.

दोन वाटा कोणत्या?

पहिली वाट नागरी. बारावीला भौतिकशास्त्र व गणित, वयाची १८ वर्षे पूर्ण आणि वैद्यकीय तपासणीत पात्र असा उमेदवार नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या, व्यावसायिक वैमानिक परवान्यासाठी प्रयत्न करू शकतो. त्यासाठी २०० तासांचे उड्डाण लागते. त्यातले १०० तास विमानाची सूत्रे स्वतःकडे असायला हवीत. हवाई नियम, हवामानशास्त्र, दिशादर्शन, तांत्रिक विषय आणि रेडिओ संभाषण यांच्या परीक्षा वेगळ्या द्याव्या लागतात. परवाना हातात आला तरी एअरबस ए-३२० किंवा बोइंग ७३७ उडवण्यासाठी त्या विमानाचे स्वतंत्र प्रशिक्षण, म्हणजे 'टाइप रेटिंग', करावेच लागते.

दुसरी वाट लष्करी. वयाच्या साडेसोळा ते साडेएकोणीस या काळात यूपीएससीची एनडीए परीक्षा, त्यानंतर एसएसबीची पाच दिवसांची मुलाखत, वैमानिकासाठीची संगणकीय चाचणी आणि वैद्यकीय तपासणी. ही संगणकीय चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. ती हुकली तर फ्लाइंग शाखेचे दार कायमचे बंद होते. निवड झाल्यास खडकवासल्यात तीन वर्षे आणि पुढे हैदराबादजवळ दुंडिगलच्या एअर फोर्स अकादमीत प्रशिक्षण. पदवीधरांसाठी एएफकॅट परीक्षेतून १४ वर्षांचे शॉर्ट सर्व्हिस कमिशनही आहे.

खर्चाचे गणित काय?

दोन वाटांमधला खरा फरक इथे आहे. नागरी प्रशिक्षणाचा खर्च टाइप रेटिंग धरून सहज ५० लाखांच्या पुढे जातो. शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांवर गेले की बँक तारण मागते. ग्रामीण कुटुंबाकडे तारण द्यायला असते ती शेती. मात्र कर्ज थकल्यास बँकेला थेट तारण जप्त करू देणारा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू होत नाही. त्यामुळे अनेक बँका शेती तारण घ्यायला राजी नसतात. कागदावर लाखांची जमीन असलेल्या शेतकऱ्याच्या मुलाचा अर्ज इथेच अडतो.

हवाई दलात घरच्यांना प्रशिक्षणाचा खर्च नाही. उलट अकादमीत दरमहा विद्यावेतन मिळते. पण जागा मोजक्या. एनडीएच्या एका तुकडीत हवाई दलाच्या फ्लाइंग शाखेसाठी साधारण ९२ जागा असतात आणि त्यासाठी देशभरातून लाखो अर्ज येतात. म्हणजे एका वाटेवर पैशांची चाळणी आहे, तर दुसरीवर स्पर्धेची.

हवाई दल ही एअरलाइनकडे जायची शिडी आहे का?

नाही. सर्वात मोठा गैरसमज हाच. कायम कमिशन घेतलेल्या अधिकाऱ्याला निवृत्तिवेतनासाठी २० वर्षे सेवा करावी लागते. त्याआधी बाहेर पडायचे तर हवाई दलाची परवानगी हवी, आणि दलाला वैमानिकांची गरज असेल तर ती मिळेलच असे नाही. साधारण विसाव्या-बाविसाव्या वर्षी कमिशन मिळालेला अधिकारी एअरलाइनच्या दारात येतो तेव्हा चाळिशी ओलांडलेला असतो. एअरलाइन वैमानिकाला ६५ वर्षांपर्यंत उडता येते, म्हणजे वीसेक वर्षांची दुसरी कारकीर्द शिल्लक राहते. शॉर्ट सर्व्हिसवाला तुलनेने लवकर, पस्तिशीनंतर मोकळा होतो, पण त्याला निवृत्तिवेतन नसते.

शिवाय सगळे लष्करी वैमानिक सारखे नसतात. आयएल-७६ किंवा सी-१३० सारखी मालवाहू विमाने उडवणाऱ्याला अनेक इंजिनांची आणि सहकाऱ्यांसोबत काम करण्याची सवय असते. लढाऊ वैमानिकाचे कौशल्य वादातीत, पण तो बहुधा एकटा उडतो आणि त्याच्या नोंदवहीतले तासही कमी असतात. हेलिकॉप्टर वैमानिकाला तर विमानाचा परवाना वेगळा मिळवावा लागतो. नागरी परवाना, वैद्यकीय तपासणी आणि टाइप रेटिंग यातून कुणाचीच सुटका नाही.

मग एअरलाइन्सची पसंती कुणाला?

एकेकाळी हा प्रश्न पडत नव्हता. दुसऱ्या महायुद्धानंतर जगभर एअरलाइन्स वाढल्या त्या लष्करातून बाहेर पडलेल्या वैमानिकांच्या आणि डकोटासारख्या विमानांच्या जोरावर. भारतात मात्र नागरी परंपराही तितकीच जुनी. १९२९ मध्ये जे. आर. डी. टाटांना मिळालेला भारतातला पहिला वैमानिक परवाना फ्लाइंग क्लबच्या वाटेनेच आला होता. हवाई दलाने महिलांना वैमानिक म्हणून घ्यायला सुरुवात केली १९९० च्या दशकात. त्याआधीच, १९८५ मध्ये, कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी इंडियन एअरलाइन्सच्या संपूर्ण महिला चमूच्या पहिल्या उड्डाणाचे नेतृत्व केले होते. त्या काळी महिलांसाठी नागरी वाट हीच एकमेव वाट होती.

आज गणित संख्येचे आहे. २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवली. त्याच वर्षी डीजीसीएने १,६२२ व्यावसायिक परवाने दिले, आदल्या वर्षी ते १,१६५ होते. हवाई दलाच्या तुटपुंज्या जागांमधून बाहेर पडणारे मोजके अधिकारी ही भूक भागवू शकत नाहीत. म्हणून एअरलाइन्स आता स्वतःचे 'कॅडेट पायलट' कार्यक्रम चालवतात आणि नव्या भरतीचा मोठा भाग नागरी वाटेनेच येतो. अनुभवी लष्करी वैमानिकाला मागणी आहेच. पण त्यालाही सहसा सहवैमानिकाच्या खुर्चीपासून सुरुवात करावी लागते, आणि शेजारचा कॅप्टन त्याच्याहून दहा वर्षांनी लहान असू शकतो.

अमेरिकेत कायद्यानेच लष्करी प्रशिक्षणाची किंमत ठरवली आहे. तिथे २०१३ पासून एअरलाइनच्या सहवैमानिकालाही साधारणपणे १,५०० तासांची अट आहे. लष्करी वैमानिकाला ७५० तास पुरतात. भारतात अशी तासांची अट सहवैमानिकासाठी नाही. २०० तासांचा परवाना आणि टाइप रेटिंग असले की कॉकपिटमध्ये बसता येते. १,५०० तासांची अट लागते ती कॅप्टन होण्यासाठीच्या परवान्याला.

कोझिकोडच्या अपघाताने काय शिकवले?

या चर्चेत नागपूरकरांना विसरता न येणारे नाव आहे विंग कमांडर दीपक साठे यांचे. आई-वडील नागपुरात, शिक्षण एनडीएत, एअर फोर्स अकादमीत मानाची तलवार, हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये चाचणी वैमानिक म्हणून काम. २००३ मध्ये हवाई दलातून बाहेर पडून ते नागरी सेवेत आले. ७ ऑगस्ट २०२० रोजी दुबईहून १९० जणांना घेऊन आलेले त्यांचे एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान मुसळधार पावसात कोझिकोडच्या धावपट्टीवरून पुढे जाऊन खाली कोसळले. दोन्ही वैमानिकांसह २१ जणांचा मृत्यू झाला.

चौकशी अहवाल २०२१ मध्ये आला. विमान सुमारे २,७०० मीटरच्या धावपट्टीवर जवळपास निम्मे अंतर संपल्यावर टेकले होते. सहवैमानिकाने पुन्हा उड्डाण घेण्याची, म्हणजे 'गो अराउंड'ची, सूचना केली होती. ती पाळली गेली नाही आणि धोका कळत असूनही सहवैमानिकाने सूत्रे आपल्या हाती घेतली नाहीत. दोघांमधली अधिकाराची मोठी दरी हे त्याचे एक कारण अहवालाने नोंदवले. त्याचबरोबर यंत्रणेतल्या त्रुटींकडेही बोट दाखवले.

एवढा गुणी, इतका अनुभवी वैमानिक आणि तरीही असे का झाले, हा प्रश्न वेदनादायी आहे. मृत व्यक्तीला दोष देऊन तो संपत नाही. अहवालाचा धडा असा की, कौशल्य कितीही मोठे असले तरी शेजारच्याचा 'थांबा' हा शब्द कॉकपिटमध्ये ऐकला गेलाच पाहिजे. आणि तो ठामपणे उच्चारायला कनिष्ठानेही शिकले पाहिजे.

दोष लष्करी पार्श्वभूमीचाच का?

तसे म्हणता येत नाही. १९९९ मध्ये लंडनजवळ स्टॅनस्टेड येथे कोरियन एअरचे मालवाहू विमान कोसळले. कॅप्टन माजी हवाई दल अधिकारी होता आणि विमान धोकादायक रीतीने कलत असताना सहवैमानिक गप्प राहिला. चौघांचा जीव गेला. हे उदाहरण नेहमी दिले जाते. पण १९७७ मध्ये टेनेरिफ येथे ५८३ बळी घेणाऱ्या टकरीत केएलएमचा कॅप्टन त्याच कंपनीचा ज्येष्ठ प्रशिक्षक होता. समोरचे विमान धावपट्टीवरून बाजूला झाले का, अशी शंका त्याच्या फ्लाइट इंजिनिअरने काढली होती. कॅप्टनने ती झटकून टाकली. दरारा फौजेतूनच येतो असे नाही, तो ज्येष्ठतेतूनही येतो.

उलट उदाहरण २००९ चे. न्यूयॉर्कजवळ दोन्ही इंजिने बंद पडलेले विमान हडसन नदीत सुखरूप उतरवणारे चेस्ली सलेनबर्गर अमेरिकी हवाई दलाचे माजी लढाऊ वैमानिक. त्यांचे सहवैमानिक जेफ्री स्काइल्स नागरी वाटेने आलेले. शेवटच्या क्षणांत सलेनबर्गर यांनी त्यांना विचारले होते, काही सुचते आहे का? १५५ जण वाचले.

नागरी वाटेचे दुखणे वेगळे आहे. २०११ मध्ये भारतात बनावट गुणपत्रिकांवर परवाने मिळवल्याची प्रकरणे उघड झाली आणि न उडवलेले तास नोंदवहीत दाखवल्याचेही आढळले. पैसे मोजून तास मिळवण्याच्या व्यवस्थेत ही पळवाट राहते. लष्करात निकामी ठरलेला प्रशिक्षणार्थी थेट बाहेर जातो. खासगी संस्थेत मात्र तो फी भरणारा ग्राहकही असतो.

निवडीत नेमके काय तपासले जाते?

म्हणूनच एअरलाइन्स केवळ पार्श्वभूमीवर विसंबत नाहीत. उड्डाणाचे तास आणि विमानाचा प्रकार, लेखी परीक्षा, मानसशास्त्रीय चाचणी, सिम्युलेटरमधली परीक्षा आणि मुलाखत अशा पायऱ्या असतात. सिम्युलेटरमध्ये हात किती सफाईदार हे पाहिले जातेच, पण चूक दिसल्यावर उमेदवार बोलतो का आणि दुसरा बोलल्यावर ऐकतो का, हेही पाहिले जाते. याच कौशल्याला 'क्रू रिसोर्स मॅनेजमेंट' म्हणतात. १९७९ मध्ये नासाच्या कार्यशाळेतून ही कल्पना पुढे आली. आज तिचे प्रशिक्षण दोन्ही वाटांनी आलेल्यांना बंधनकारक आहे.

पारशिवनीच्या विद्यार्थ्याने काय करावे?

वर्दीची ओढ असेल तर हवाई दल निवडावे. एअरलाइनची तयारी म्हणून ते निवडू नये. एनडीएच्या तयारीसाठी राज्य सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था छत्रपती संभाजीनगर येथे आहे, तर मुलींसाठी अशी संस्था नाशिकमध्ये आहे. एनडीएची दारे मुलींना २०२२ पासून खुली आहेत.

थेट एअरलाइन हवी असेल तर विदर्भात पर्याय वाढत आहेत. नागपूर फ्लाइंग क्लब जुना आहे, गोंदियाजवळ बिर्सी येथे प्रशिक्षण संस्था आहे आणि अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर वर्षाला १८० वैमानिक घडवण्याच्या क्षमतेची शाळा एअर इंडियाने जाहीर केली आहे. इतर मागासवर्ग, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातील विद्यार्थ्यांसाठी नागपूरच्या 'महाज्योती'ने वैमानिक प्रशिक्षणाची योजना राबवली आहे. तिची नवी जाहिरात केव्हा निघते, यावर लक्ष ठेवावे.

फीचा पहिला हप्ता भरण्याआधी तीन गोष्टी कराव्यात. डीजीसीएची 'क्लास वन' वैद्यकीय तपासणी आधी पार पाडावी, कारण दृष्टी किंवा हृदयाचा दोष नंतर निघाला तर पैसे परत येत नाहीत. संस्थेकडे उडण्याजोगी विमाने आणि प्रशिक्षक किती आहेत, मागच्या तुकडीला २०० तास पूर्ण व्हायला किती महिने लागले, हे तिथल्या विद्यार्थ्यांना विचारावे. आणि परवान्यानंतर लगेच नोकरी मिळाली नाही तर कर्जाचा हप्ता किती काळ भरता येईल, याचा हिशेब घरात सर्वांसमोर मांडावा.

नागरी वाटेने गेलेल्यालाही हवाई दलाचे दार लगेच बंद होत नाही. व्यावसायिक परवाना असलेल्या पदवीधराला एएफकॅटच्या फ्लाइंग शाखेसाठी वयात दोन वर्षांची, म्हणजे २६ वर्षांपर्यंत सवलत मिळते.