चांगला माणूस जुलमी कसा होतो?



मागच्या भागात आपण पॅरिसच्या बायकांची गोष्ट ऐकली. ऑक्टोबर १७८९ मध्ये पावासाठी त्या पावसात चालत व्हर्सायच्या राजवाड्यावर गेल्या आणि राजाला पॅरिसला घेऊन आल्या. त्यावर एका गटातल्या ताईंनी विचारलं, "मग पुढं गरिबांचं राज्य आलं का?" आज आम्ही त्याचंच उत्तर देणार आहोत.

फ्रान्समध्ये रोबेस्पिअर नावाचा एक वकील होता. लहानपणीच आई गेलेली. सभेत तो गरिबांच्या मताधिकारासाठी बोलायचा. १७९१ मध्ये त्यानं फाशीची शिक्षाच बंद करा, अशी मागणी केली होती. एका सुताराच्या घरी तो भाड्यानं राहायचा. लाच कधी घेतली नाही, म्हणून लोक त्याला 'न विकला जाणारा' म्हणत. मग असा माणूस बिघडला कसा?

जानेवारी १७९३ मध्ये राजाला मारलं. शेजारची राज्यं चालून आली, देशात बंडं झाली, पाव महागला. संकट खरं होतं. ते निभावण्यासाठी सभेनं एक समिती नेमली. मुदत फक्त एक महिना! पण दर महिन्याला सभा मुदत वाढवत गेली. जुलैमध्ये रोबेस्पिअर समितीत आला. बारा जणांच्या हाती देशाची दोरी आली.

सप्टेंबरमध्ये कायदा झाला, नुसत्या संशयावरून अटक. ऑक्टोबरमध्ये बायकांच्या मंडळांवर बंदी आली. ज्या बायकांनी क्रांती पुढं नेली, त्यांनाच घरी बसायला सांगितलं! बायकांच्या हक्कांचा जाहीरनामा लिहिणाऱ्या ऑलिंप द गूज यांची मान नोव्हेंबरमध्ये उडवली. एप्रिल १७९४ मध्ये रोबेस्पिअरचा जुना सोबती दांतों गेला. जूनमध्ये तर आरोपीचा वकीलच काढून घेतला. निकाल दोनच, सुटका नाहीतर मरण. त्या काळात देशभर सुमारे १७ हजार माणसांना शिक्षा देऊन मारलं. त्यात शेतकरी आणि मजूर पुष्कळ होते.

२६ जुलैला रोबेस्पिअर सभेत म्हणाला, इथंच गद्दार बसलेत. लोक ओरडले, नावं सांगा! त्यानं सांगितली नाहीत. प्रत्येकाला वाटलं, माझंच नाव असणार. दुसऱ्या दिवशी त्यालाच धरलं आणि २८ जुलैला, खटला न चालवताच, मारलं.

सख्यांनो, हे एकट्याचं काम नव्हतं. समितीत बाकीचे अकरा जण होते, आणि सभा दर महिन्याला होकार देत होती. त्याला पैशाचा लोभ नव्हता. त्याला वाटलं, मी स्वच्छ आहे, म्हणजे माझ्या विरोधात बोलणारा वाईटच. इथंच घात झाला.

आमच्या एका गटात अध्यक्षाताई सहा वर्षं त्याच होत्या. बाई प्रामाणिक, एक रुपया इकडचा तिकडं नाही. पण कुणी हिशोब विचारला की म्हणायच्या, "माझ्यावर विश्वास नाही का?" हळूहळू विचारणं बंद झालं. शेवटी आम्ही पदं बदलली. ताई रुसल्या, पण आज त्याच बैठकीत सगळ्यांत जास्त प्रश्न विचारतात.

म्हणून पुढच्या बैठकीत एवढं बघा: मुदत संपली की पद बदलतं का? वही सगळ्यांना बघायला मिळते का? आणि जिच्यावर आरोप होतो, तिला बोलू देतो का? माणूस चांगला असला तरी नियम लागतोच.