मुलींची निर्भयता आणि वेसारज्जाचे पाच धम्म

आपल्या विहारांतील समारंभाचे नेहमीचे दृश्य डोळ्यांसमोर आणावे. स्वागतगीत मुली गातात, पाहुण्यांना पुष्पे मुलीच देतात. भाषणासाठी ध्वनिक्षेपकासमोर मात्र बहुधा मुलगा उभा राहतो. 'आमची मुलगी फार लाजाळू आहे,' असे पालक कौतुकाने सांगतात. हा लाजाळूपणा तिचा स्वभाव आहे, की आपणच तो तिला शिकविला आहे, याचा विचार धम्माच्या प्रकाशात करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

अंगुत्तर निकायाच्या पंचक निपातात या विषयावर एक लहानसे सुत्त आहे. भीड, संकोच, धास्ती यांना पालीत 'सारज्ज' म्हणतात आणि त्यांपासून मुक्त अशा निर्भय अवस्थेला 'वेसारज्ज'. 'संगीत विशारद' या पदवीमुळे आपल्या परिचयाचा झालेला 'विशारद' हा शब्द याच कुळातला होय. शिकत असलेल्या भिक्खूला निर्भय करणारे पाच धम्म तथागतांनी या सुत्तात सांगितले आहेत : सद्धा, सील, बाहुसच्च, विरियारंभ आणि पञ्ञा. ज्याच्या ठायी हे नाहीत त्याला धास्ती वाटते. ज्याच्या ठायी आहेत त्याला ती वाटत नाही. उपदेश भिक्खूंना असला तरी त्यातील कार्यकारणभाव शिकणाऱ्या प्रत्येकाला लागू पडतो. आत्मविश्वास ही जन्मजात देणगी नव्हे. कारणे निर्माण केली म्हणजे तो उत्पन्न होतो.

पहिला धम्म सद्धा. सद्धा म्हणजे अंधश्रद्धा नव्हे, समजून ठेवलेला विश्वास. मुलीचा स्वतःवरील विश्वास घरातील माणसांच्या तिच्यावरील विश्वासातून उगवतो. राणी मल्लिकेला कन्या झाल्याचे ऐकून कोसलराजा पसेनदी खिन्न झाला, तेव्हा कन्या पुत्राहूनही श्रेष्ठ ठरू शकते, असे तथागतांनी त्यास समजाविले. ती खिन्नता आजही अनेक घरांत आहे आणि मूल ती न सांगता ओळखते.

दुसरा धम्म सील. ज्याचे आचरण शुद्ध, त्याला सभेत मान खाली घालावी लागत नाही. परंतु मुलींच्या बाबतीत आपण सीलाचा अर्थ 'लोक काय म्हणतील' एवढाच करून टाकला आहे. वाटेत कोणी छेड काढली, वर्गात कोणी जातीवरून अथवा शिष्यवृत्तीवरून टोमणा मारला, तर मुलगी घरी सांगत नाही. कारण दोष आपल्यालाच लागेल आणि शाळा बंद होईल, अशी तिला भीती असते. सीलभंग अपराध करणाऱ्याचा, लाजही त्याचीच, हे तिला आई-वडिलांच्या तोंडून ऐकावयास मिळाले पाहिजे. तिचे म्हणणे आधी शांतपणे ऐकून घ्यावे, मग तिच्यासह शाळेत जावे.

तिसरा धम्म बाहुसच्च, म्हणजे बहुश्रुतता. सावित्रीबाई व जोतीराव फुले यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मातंग मुलीचा निबंध 1855 साली 'ज्ञानोदय'मध्ये प्रसिद्ध झाला. वेदांवर आमचा अधिकार नसेल तर आमचा धर्म कोणता, असा रोकडा प्रश्न तिने त्यात विचारला. हे धैर्य तिला अक्षराने दिले. पुढे कुमुद पावडे संस्कृतच्या प्राध्यापिका झाल्या; ज्या विद्येपासून समाजाला दूर ठेवले गेले, तीच त्यांनी हस्तगत केली. म्हणून घरात पाठ्यपुस्तकांखेरीज वाचावयास काही असावे, आणि तिने वाचलेले कोणीतरी ऐकावे.

चौथा विरियारंभ. 'हुशार आहेस' या स्तुतीपेक्षा 'कालचे गणित तू पुन्हा सोडवून पाहिलेस, हे चांगले केलेस' हे बोल अधिक बळ देतात. अपयश आले तरी प्रयत्न आपल्या हाती आहे, हे त्यामुळे तिला कळते. मात्र प्रयत्नाला वेळ लागतो. पाणी भरणे, भांडी घासणे, धाकट्यांना सांभाळणे हे सारे बहिणीकडे आणि अभ्यासाची शांतता भावाकडे, अशी वाटणी असेल तर तिच्या वीर्याला वाव कोठून मिळणार? घरकाम दोघांनी वाटून करावे.

पाचवी पञ्ञा. केवळ परंपरा आहे अथवा गुरू सांगतात म्हणून काही स्वीकारू नये, असे तथागतांनी कालामांना सांगितले. हे सुत्त आपण अभिमानाने सांगतो. पण आपलीच मुलगी 'का?' असे विचारते तेव्हा तिला उद्धट ठरवितो. वर्गात प्रश्न विचारण्याचे धैर्य जेवताना विचारलेल्या प्रश्नांतूनच येते. घरखर्चाचा हिशेब, शिक्षणाची शाखा, विवाहाचा विचार, या सर्वांत तिचे मत घ्यावे.

20 जुलै 1942 रोजी नागपूर येथे भरलेल्या अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषदेत बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भगिनींना सांगितले, की मुलांना शिकवा, त्यांच्या मनात महत्त्वाकांक्षा रुजवा, न्यूनगंड काढून टाका आणि त्यांच्या लग्नाची घाई करू नका. मुलींच्या बाबतीत या उपदेशातील शिक्षण आपण बऱ्याच अंशी स्वीकारले. न्यूनगंड काढण्याचे काम अर्धवट राहिले आहे.

त्याचा प्रारंभ विहारापासूनच करता येईल. येत्या जयंतीला स्वागतगीत मुलगे गातील, पुष्पे मुलगे देतील आणि भाषण एखादी मुलगी करील, असे ठरवावे. ती अडखळली तर सभेने शांतपणे थांबावे. तिला विसारद करण्यात त्या क्षणभराच्या थांबण्याचाही वाटा असेल.