सगळी सांधेदुखी ‘वात’ नव्हे

आपल्या वस्त्यांत सांधे धरले की एकच शब्द कानी येतो – वात! मग दुकानातून दुखण्याची गोळी, नाहीतर कुणाच्या तरी सांगण्यावरून अंगारा. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात अंगारा शिरतोच कसा, हा प्रश्न आज बाजूला ठेवू. आम्हाला सांगायचे आहे ते रक्ततपासणीविषयी.

रोगजंतूंशी लढण्यासाठी आपले शरीर प्रतिपिंडे म्हणजे अँटीबॉडी तयार करते. काहींच्या बाबतीत ही फौज आपल्याच शरीरावर उलटते. त्यातून होणारे रोग अनेक आहेत. आमवातात सकाळी बोटे तासभर आखडलेली राहतात. ल्युपसमध्ये उन्हाने चेहऱ्यावर चट्टे उठतात, केस गळतात, मूत्रपिंडालाही धोका पोहोचतो. स्क्लेरोडर्मात कातडी टणक होते. शोग्रेनमध्ये डोळे व तोंड कोरडे पडतात. सांधे या सगळ्यांत दुखू शकतात, पण उपचार एक नाहीत. म्हणूनच कोणती प्रतिपिंडे उलटली, हे पाहावे लागते.

१९४० साली नॉर्वेचे डॉ. एरिक वालर यांनी ज्याची नोंद केली, तो ‘आर. ए. फॅक्टर’ सर्वांच्या परिचयाचा. पण क्षयरोग, कुष्ठरोग, काविळीचे काही प्रकार, एवढेच काय नुसते म्हातारपण, यांतही तो रक्तात सापडतो. कागदावर ‘पॉझिटिव्ह’ दिसले म्हणून आमवात झाला असे नव्हे! ‘अँटी सीसीपी’ ही तपासणी आमवाताच्या बाबतीत अधिक खात्रीची. आणि दोन्ही निगेटिव्ह असूनही आमवात असणारे रोगी आहेत. तेव्हा रोगी तपासल्याशिवाय नुसता कागद वाचणाऱ्यावर विसंबू नये.

‘ए. एन. ए.’ची गोष्ट तशीच. ल्युपसच्या जवळजवळ प्रत्येक रोग्यात ती पॉझिटिव्ह येते. पण १:८० या प्रमाणात ती शंभर निरोगी माणसांतील दहा-बारा जणांतही सापडते. ती निगेटिव्ह आली तर ल्युपसची शक्यता फार कमी, हा तिचा खरा उपयोग. पॉझिटिव्ह आली आणि लक्षणेही जुळली, तरच पुढच्या तपासण्या: ‘डीएस-डीएनए’ व ‘एस-एम’ ल्युपसकडे बोट दाखवतात, ‘एस-सी-एल ७०’ व ‘सेंट्रोमिअर’ स्क्लेरोडर्माकडे, ‘जो-१’ स्नायूंच्या दाहाकडे, ‘रो’ आणि ‘ला’ बहुधा शोग्रेनकडे. (ही रो, ला, जो नावे ज्या रोग्यांच्या रक्तात ती प्रथम सापडली, त्यांच्याच नावांवरून पडली आहेत.)

हातावर पोट असलेल्या घरात तपासणीचा खर्च म्हणजे कित्येक दिवसांची मजुरी. म्हणून लक्षणे नसताना ‘सगळे पॅकेज’ करून घेऊ नये. ए. एन. ए. एकदा पॉझिटिव्ह आल्यावर सहसा पुन्हा करावी लागत नाही. डीएस-डीएनए मात्र ल्युपसमध्ये पुन्हा पुन्हा पाहतात, कारण रोग उसळला की त्याचे प्रमाण अनेकदा वाढते. मूत्रपिंडासाठी साधी लघवीची तपासणी तितकीच मोलाची, आणि ती स्वस्त आहे.

लेकीसुनांसाठी एक गोष्ट ठळक सांगतो. ल्युपस स्त्रियांत, तोही ऐन तरुणपणी, कितीतरी अधिक आढळतो. ‘रो’ पॉझिटिव्ह असलेल्या आईची प्रतिपिंडे वारेतून गर्भात जातात आणि शंभरात एक-दोन बाळांच्या हृदयाचे ठोके मंदावतात. तेव्हा दिवस राहिले की हा जुना रिपोर्ट पहिल्याच भेटीत डॉक्टरांपुढे ठेवावा. साधारण चौथ्या महिन्यापासून बाळाच्या ठोक्यांवर खास लक्ष ठेवता येते.